बालविवाहाची खबर आली: पहिल्या फोनपासून हंगाम संपेपर्यंत काय करायचं?

माजलगावकर

नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यापासून बालसंरक्षणावर काम करणाऱ्या एका संस्थेत केसवर्कर म्हणून रुजू होतोय. हद्द माजलगाव, धारूर, वडवणी. बाल न्याय अधिनियम २०१५, पोक्सो (बालकांचं लैंगिक अत्याचारापासून संरक्षण) २०१२ आणि बालविवाह प्रतिबंध अधिनियम २००६ वाचून झालेत. पण पुस्तकात ‘बालकास समितीपुढे सादर करावे’ एवढं एकच वाक्य असतं. रात्री गाडी कोणाची, मुलीसोबत बाई कोण, बाल कल्याण समितीची बैठक नसेल तर न्यायचं कुठे, हे त्यात कुठेच नाही. दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या निघतील, तुळशीचं लग्न लागलं की तिथी सुरू. त्याआधी नीट समजून घ्यायचंय. किस्से नकोत, पद्धत सांगा.

गोदाकाठ

खबर देणारा फोनवर असतानाच काढता येईल तेवढं काढून घ्या. तो दुसऱ्यांदा फोन उचलेलच याची खात्री नसते. मुलीचं नाव, बापाचं नाव, शाळा आणि इयत्ता, गावात कुठली वस्ती किंवा तांडा, मुलाकडचं गाव, मांडव दारात की देवळात की शेतात.

‘लग्न कधी’ असं विचारलं की पत्रिकेवरची तारीख मिळते. ‘हळद कधी’ असं विचारा. कोणीतरी तक्रार केल्याची कुणकुण लागली की हळदीच्या रात्रीच अक्षता टाकून मोकळे होतात, नाहीतर साखरपुड्याला जमलेल्या पाहुण्यांतच उरकून घेतात. पत्रिका छापलीच नाही, नुसतं फोनवर आवतन चाललंय, असं कळलं तर वय कमी असल्याचं घरच्यांना पक्कं ठाऊक आहे असं धरून चाला. मांडव दुसऱ्या तालुक्यात मामाच्या किंवा मावशीच्या गावी पडण्याची शक्यता तेव्हा जास्त.

मग पहिला फोन १०९८, म्हणजे बालकांच्या हेल्पलाइनला. खबर थेट संस्थेकडे आलेली असली तरी तिथे नोंद कराच. २०२३ पासून ही हेल्पलाइन महिला व बालविकास विभागाकडे आहे. कॉल राज्याच्या नियंत्रण कक्षात लागतो, तिथून जिल्ह्याच्या युनिटकडे येतो, आणि ११२ शीही ती जोडलेली आहे. नोंदीचा क्रमांक वहीत लिहून घ्या, पुढच्या प्रत्येक पत्रावर तो टाकायचा. उद्या कोणी विचारलं की तुम्ही कोण आमच्या दारात येणारे, तर उत्तर त्या क्रमांकात असतं.

त्यानंतर ठाण्यात फोन करून स्टेशन डायरीला नोंद आणि महिला अंमलदाराची मागणी. ग्रामसेवकाला गावात पोचायच्या अर्धा-पाऊण तास आधी कळवा, त्याआधी नको. अंगणवाडीताईला तर घराच्या दारात गेल्यावरच बोलवा. तिला त्याच गल्लीत राहायचंय.

बालाघाट

ग्रामसेवकाला उशिरा कळवायचं हे पटत नाही. कायद्याने गावचा बालविवाह प्रतिबंध अधिकारी तोच. (पदाचं नाव आता ग्रामपंचायत अधिकारी झालंय, गाव अजून ग्रामसेवकच म्हणतं.) एकेकाकडे दोन-तीन गावं असतात, मुक्काम तालुक्याला. अर्धा तास आधी फोन केला तर साहेब पंचायत समितीत मीटिंगला बसलेले. मग अधिकारीच नाही म्हणून पोलीस हात वर करतात.

गोदाकाठ

बरोबर आहे, म्हणून दोन टप्पे करा. सकाळीच ‘आज हद्दीतच थांबा, बालसंरक्षणाचं काम आहे’ एवढं कळवायचं, गाव सांगायचं नाही. नाव आणि घर निघाल्यावर. खबर फुटते ती बहुतेक वेळा वाईट हेतूने नव्हे. ग्रामसेवक पोलीस पाटलाला विचारतो, पोलीस पाटील भावकीत विचारतो, आणि आपण पोचेपर्यंत मुलगी मोटारसायकलवर बसवून काढून दिलेली असते.

आणि खबर दिली कोणी याची सावलीही पडू देऊ नका. ‘शाळेतून कळलं’ हे दोन शब्द पुरे, गावात त्या वर्गाला शिकवणाऱ्या बाई एकच असतात. कोणी विचारलं तर एकच उत्तर: १०९८ वर नोंद आहे.

शाळामास्तर

वयाच्या पुराव्याचं मी सांगतो, कारण निम्म्या केसेस इथेच ढिल्या पडतात.

बाल न्याय अधिनियमाच्या कलम ९४ मध्ये क्रम ठरलेला आहे. आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र. ते नसेल तर ग्रामपंचायत-नगरपालिकेचा जन्मदाखला. दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी, आणि ती समितीने आदेश दिल्यापासून १५ दिवसांत. आधार कार्ड या यादीत नाही. घरच्यांच्या हातात मात्र हमखास आधारच असतं, आणि तारीख नुकतीच ‘अपडेट’ केलेली. ते दाखवलं की मांडवात आलेले निम्मे लोक ‘झालं की मग’ म्हणून उठतात. तुम्ही उठू नका.

शाळेत नुसता बोनाफाईड मागू नका. प्रवेश निर्गम उतारा मागा, म्हणजे जनरल रजिस्टरमधल्या मूळ नोंदीची नक्कल. रजिस्टर समोर उघडून घ्या. जन्मतारीख तिथे अंकी आणि अक्षरी अशी दोनदा लिहिलेली असते. खाडाखोड करणारा अंकांवर करतो. २००९ चा ९ गिरवून ६ केलेला दिसतो, शाई वेगळी, कागद थोडा खरवडलेला, आणि शेजारच्या रकान्यात ‘दोन हजार नऊ’ जसंच्या तसं. मुलगी पहिलीला ज्या शाळेत होती तिथला उतारा सगळ्यात भरवशाचा. पाचवीला, आठवीला शाळा बदलताना तारीख ‘दुरुस्त’ होते. शक्य असेल तर दोन्ही शाळांचे उतारे जोडा.

मुख्याध्यापक तोंडी मागितल्यावर देत नाहीत, आणि देऊही नये. ग्रामसेवकाचं किंवा ठाण्याचं पत्र न्या, पोच घ्या. लग्नं उन्हाळ्याच्या सुटीतही लागतात, म्हणून मुख्याध्यापकांचे नंबर आणि रजिस्टर कोणाच्या ताब्यात असतं हे एप्रिलमध्येच विचारून ठेवा. हाडांच्या तपासणीत दोनेक वर्षं इकडेतिकडे होतात. सोळा-सतराच्या मुलीच्या बाबतीत त्या तपासणीवर अवलंबून राहणं म्हणजे केस दुसऱ्याच्या हातात देणं.

तहसील_कट्टा

कायद्याच्या दोन-तीन गोष्टी, कारण मांडवात नेमकं याच्यावरून वाद घालतात.

मुलगी १८ पूर्ण, मुलगा २१ पूर्ण. ‘उद्याच अठरा पूर्ण होतायत’ हेही चालत नाही. बालविवाह प्रतिबंध कायद्याखालचे गुन्हे दखलपात्र आणि अजामीनपात्र आहेत (कलम १५). त्यामुळे ‘तक्रारदार कोण’ म्हणत पोलिसांनी थांबायचं कारण नाही. प्रौढ नवरदेवाला कलम ९, लग्न लावणाऱ्याला कलम १०, लावून देणाऱ्या आईबापांना आणि हजर राहून हातभार लावणाऱ्यांना कलम ११. शिक्षा २ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाखापर्यंत दंड. कलम ११ खाली बाईला कैद होत नाही. हे आईला सांगायला हरकत नाही, पण मांडवात मोठ्याने सांगू नका. मग सगळं काही ‘आईने ठरवलं’ होऊन बसतं.

खरं हत्यार कलम १३ आहे आणि ते फार कमी वापरलं जातं. तीन-चार दिवस हातात असतील तर प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याकडे मनाई हुकमाचा अर्ज करा. संस्थेलाही तो करता येतो, ग्रामसेवकाची वाट बघायची गरज नाही. निकड दाखवली तर समोरच्याला नोटीस न देता अंतरिम मनाई मिळते. सोबत वयाचा उतारा, १०९८ ची नोंद, लग्नाची तारीख-ठिकाण सांगणारं प्रतिज्ञापत्र. हुकूम झाल्यावर लग्न लावलं तर ते मुळातच रद्दबातल ठरतं (कलम १४). एरवी बालविवाह आपोआप रद्द होत नाही, मुलीला कोर्टात जाऊन रद्द करून घ्यावा लागतो, आणि ती मुदत तिला अठरा पूर्ण झाल्यावर दोन वर्षांपर्यंतच. हा फरक मोठा आहे. आईबापाचं ‘लग्न करणार नाही’ असं हमीपत्र मोडलं तर कागद फाटतो, मनाई हुकूम मोडला तर लग्नच उरत नाही.

अक्षय तृतीयेसारख्या दिवशी सामूहिक लग्नं लागतात. तेव्हा जिल्हाधिकाऱ्यांनाच बालविवाह प्रतिबंध अधिकाऱ्याचे सगळे अधिकार असतात. सामूहिक सोहळ्याची यादी आठ दिवस आधी मागवून वयाचे दाखले तपासायला लावा. आयोजक नाही म्हणाले तर तेच पत्रावर लिहून द्यायला सांगा.

पाटोद्याची

सगळे मांडवाबद्दल बोलताय, मुलीशी कोण बोलणार?

तिला घरातून बाजूला घ्यायचं ते बाईनेच, महिला अंमलदार साध्या कपड्यात असेल तर उत्तम. घरामागचा गोठा, शेजारची ओसरी, अंगणवाडीची खोली, काहीही चालेल, पण आई-आत्या-मामी यांच्या कानावर पडणार नाही असं ठिकाण. पहिली दहा मिनिटं लग्नाचा विषयच नको. पाणी प्यायलीस का, कितवीला आहेस, मैत्रीण कोण. हातावर हळद असते, ती पुसायला जाऊ नका आणि तिच्याकडे बघत बसू नका.

प्रश्न उघडे ठेवा. ‘तुला लग्न करायचं नाही ना?’ या प्रश्नाला मुलगी मान हलवणारच, विचारणाऱ्याला जे हवं ते देते ती. ‘घरात काय चाललंय?’ ‘तुला कधी सांगितलं?’ ‘पुढच्या महिन्यात तू कुठे असशील असं वाटतं?’ असे विचारा. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन कधीही देऊ नका, ते पाळता येत नाही. त्याऐवजी कोणाकोणाला सांगावं लागेल आणि का, हे आधीच सांगा.

लिहिताना तिचेच शब्द. ‘मुलगी मानसिक दबावाखाली आढळली’ हे तुमचं वाक्य झालं. ‘आत्या म्हणली नवरी पसंत केलीय, आता बोलायचं नाही’ हे तिचं. समितीपुढे दुसरं वाक्य टिकतं. मोबाईलवर व्हिडिओ काढू नका, पुरावा म्हणूनसुद्धा नाही.

तांड्यावर जाणार असाल तर गोरमाटी (बंजारा बोली) बोलणारी बाई सोबत हवी. तांड्याच्या प्रमुखांना, नाईक-कारभाऱ्यांना भेटा, पण मुलीशी बोलून झाल्यावर. आधी भेटलात की ती काय बोलणार हे ठरवूनच येते. आणि मुलगी ‘मला लग्न करायचंच आहे’ म्हणाली तर? म्हणतात, बऱ्याच जणी. घरात बाप पितो, उसाच्या फडात रात्री कोपीत (झोपडीत) एकटं राहावं लागतं, त्यापेक्षा लग्न बरं असा हिशोब असतो तिचा. तो तसाच लिहा. तिची सुटका कशापासून करायचीय हे त्यातूनच कळतं.

माजलगावकर

हे फार कामाचं आहे. लग्न थांबलं असं समजू. रात्रीचे दहा वाजलेत. आता?

गोदाकाठ

बाल न्याय अधिनियमाच्या कलम ३१ प्रमाणे २४ तासांच्या आत बाल कल्याण समितीपुढे, प्रवासाचा वेळ धरायचा नाही. लग्नाच्या धोक्यातली मुलगी ‘काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं बालक’ या व्याख्येत थेट येते, त्यामुळे ‘लग्न तर झालंच नाही, मग समिती कशाला’ या वादात पडू नका. समिती म्हणजे अध्यक्ष आणि चार सदस्य. बैठक नसेल तर एका सदस्यापुढेही सादर करता येतं आणि त्या सदस्याला तात्पुरता निवारा ठरवता येतो. पाचही जणांचे नंबर आणि कोण कुठल्या गावात राहतं हे तुमच्या वहीत हवं. मुदत संपून जागा रिकाम्या राहिल्या तर कारभार शेजारच्या जिल्ह्याच्या समितीकडे दिला जातो. तो सध्या कोणाकडे आहे, हे दर महिन्याला विचारत जा.

मुलीला रात्री ठाण्यात ठेवायचं नाही. जिल्ह्याच्या ठिकाणचं सखी वन स्टॉप सेंटर (महिलांसाठीचं सरकारी मदत केंद्र) किंवा नोंदणीकृत बालगृह. नोंदणी नसलेल्या आश्रमात, कितीही चांगला असला तरी, नको. सोबत महिला कर्मचारी गाडीत बसल्याशिवाय गाडी हलवायची नाही. मराठवाड्यात अंतर हीच मोठी अडचण. किनवट-माहूरहून नांदेड, आष्टी-कड्याहून बीड. आष्टीची माणसं एरवी कामाला नगर गाठतात, पण समिती बीडलाच. रात्री निघायचं की पहाटे हे अंतर बघून ठरवा. पहाटे निघायचं ठरलं तर मुलगी रात्रभर कोणाकडे होती हे लिहून, सही घेऊन ठेवा.

सादर करताना नमुना १७ भरायचा. त्यात ‘बालक कोणत्या परिस्थितीत आढळले’ या रकान्यात तारीख, वेळ, हजर माणसं. हळद लागली होती का, मांडव होता का, भटजी होते का, सगळं. तिथे काटकसर केली की पुढचा सगळा अहवाल लंगडा होतो. पिशवीत शाईचा पॅड, कार्बन, टॉर्च, पॉवर बँक, मुलीच्या मापाचा एक ड्रेस, सॅनिटरी पॅड, पाण्याची बाटली, बिस्किटं. ड्रेस विसरू नका. हळदीच्या पिवळ्या साडीत तिला समितीच्या बाकावर बसवणं बरं नाही.

बालाघाट

आता हमीपत्राबद्दल, कारण हल्ली तेच सगळीकडे चाललंय. १०० रुपयांचा बाँड, आईबापाच्या सह्या, सरपंच साक्षीदार, ‘१८ वर्षे पूर्ण होईपर्यंत विवाह करणार नाही’, आणि मंडळी घरी. दुसऱ्या दिवशी बातमी: बालविवाह रोखला. आठ दिवसांत तीच मुलगी सीमेपलीकडे. देगलूर-बिलोलीकडून निजामाबाद, उदगीरकडून बीदर. नाहीतर टोळीसोबत कारखान्यावर, आणि तिथेच कोपीसमोर चार माणसांत अक्षता.

एवढं लक्षात घ्या की ऊसतोडीचं अर्थकारणच लग्न लावतं. उचल (आगाऊ रक्कम) मिळते ती कोयत्यावर, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. पोरगं एकटं असेल तर अर्धा कोयता. दिवाळीआधी सून आली की घरात एक पूर्ण कोयता वाढतो आणि मुकादमाकडून उचल वाढते. मुलीकडच्यांचा प्रश्न वेगळा. आईबाप सहा महिने फडात, मागे म्हातारीजवळ वयात आलेली पोरगी ठेवायची कशी. या दोन्हीला तुमच्या बाँडपेपरमध्ये उत्तर नाही.

तहसील_कट्टा

हमीपत्र घ्या, पण समितीच्या आदेशाला जोडून. नुसतं घेतलेलं हमीपत्र मोडलं तर करता काहीच येत नाही. समितीने मुलीला पालकांच्या ताब्यात देताना अटी घातलेल्या असतील तर त्या मोडल्यावर तिला पुन्हा हजर करण्याचा आदेश काढता येतो. अटी नेमक्या हव्यात: दर महिन्याला शाळेचा हजेरी दाखला, गाव सोडायचं तर आधी जिल्हा बाल संरक्षण कक्षाला कळवणं, आणि कुठल्या कारखान्यावर, कुठल्या मुकादमाकडे, याची लेखी नोंद. सामाजिक तपासणी अहवाल, म्हणजे नमुना २२, त्याला १५ दिवस असतात. पहिल्या आठवड्यातच गृहभेट करा, दुसऱ्या आठवड्यात घराला कुलूप असतं.

कयाधू

टोळी निघाली तर मुलगी शोधायची कशी, ते सांगतो.

गावात ‘कुठल्या कारखान्याला गेले’ विचारलं की कारखान्याचं नाव मिळतं, पण एका कारखान्याच्या टोळ्या शंभर गावांच्या शिवारात पसरलेल्या असतात. मुकादमाचं नाव आणि टोळी कुठल्या प्रकारची ते विचारा. बैलगाडीवाली, ट्रॅक्टर-टायरगाडीवाली की डोकी सेंटर (डोक्यावर मोळ्या वाहणारी). बैलगाड्यांचा तळ कारखान्याजवळ आणि हंगामभर साधारण एकाच जागी असतो. डोकी सेंटरच्या टोळ्या फड संपला की हलतात. त्यांचा पत्ता कारखान्याच्या शेतकी विभागाकडे असतो, त्यातही गटाच्या चिटबॉयकडे. आज कुठल्या टोळीला कुठल्या शेताची चिट्ठी दिली हे त्याच्याइतकं कोणालाच माहीत नसतं. पण त्याच्याशी थेट बोलायच्या आधी त्या जिल्ह्याच्या बाल संरक्षण कक्षाला मेल आणि फोन करा. सोलापूर, सांगली, कोल्हापूरच्या हद्दीत तुम्ही बीडचे केसवर्कर म्हणून काही करू शकत नाही. तिथली समिती मुलीला ताब्यात घेईल आणि बाल न्याय अधिनियमाच्या कलम ९५ प्रमाणे आपल्या जिल्ह्याच्या समितीकडे वर्ग करेल. बेळगाव-बागलकोट असेल तर तिकडचं १०९८ लावा, आणि कन्नड येणारा माणूस आधी शोधा.

भेट द्यायची तर संध्याकाळी पाच ते सात. पहाटेपासून सगळे फडात असतात. पाचनंतर बाया वाढ्याचे (उसाच्या हिरव्या शेंड्यांचे) भारे घेऊन कोपीवर येतात, चुली पेटतात, तेव्हा मोजणी होते. दुपारी गेलात तर कोपीत फक्त तान्ही लेकरं आणि त्यांना सांभाळणाऱ्या आठ-नऊ वर्षांच्या पोरी दिसतील. त्या पोरींची नावंही लिहून आणा, शाळेतून गळालेल्या असतात त्या.

शाळामास्तर

पोरींना मागे ठेवायची सोय झाली तर निम्मी लग्नं आपोआप लांबतात, म्हणून हे काम ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये करायचं असतं, दिवाळीत नाही. समग्र शिक्षाच्या हंगामी वसतिगृहासाठी शाळा व्यवस्थापन समितीचा प्रस्ताव आणि स्थलांतर करणाऱ्या पालकांची यादी लागते. ती हंगाम सुरू होण्याआधी गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पोचायला हवी. मुलगी आजी किंवा चुलत्याकडे राहून तिथे जेवते-अभ्यास करते असा त्याचा सर्वसाधारण प्रकार. त्यामुळे रात्री ती कोणाच्या घरी झोपते हे तुम्ही बघायचं, शाळेला दिसत नाही. संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना वेगळी, समाजकल्याणची. तिथे राहण्याची सोय आहे, ऊसतोड कामगार असल्याचं ओळखपत्र लागतं आणि ते ग्रामसेवक देतो. ज्यांनी ओळखपत्र काढलेलं नाही त्यांची यादी करून जूनमध्येच त्याच्या मागे लागा.

सोबत जाणारच असेल तर शिक्षण हमी कार्ड भरून द्या. त्यावर तिकडच्या शाळेत प्रवेश नाकारता येत नाही.

माजलगावकर

एक अवघड प्रश्न. आपण पोचलो तेव्हा लग्न होऊन चार महिने झालेत, मुलगी सोळाची, दिवस गेलेत. आशाताईला माहीत आहे, नोंदवायला घाबरते. काय करायचं?

पाटोद्याची

कळवावंच लागतं. पोक्सोचं कलम १९ डॉक्टर, आशा, तुम्ही, सगळ्यांना लागू, न कळवणं हा कलम २१ खाली गुन्हा. लग्न झालंय ही पळवाट नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्येच अठराखालच्या पत्नीबाबत ती काढून टाकली आहे.

पण क्रम तुमच्या हातात आहे. आधी दवाखाना. गुन्हा दाखल झाल्याचा कागद किंवा पोलिसांचं पत्र आणल्याशिवाय तपासणार नाही, असं म्हणायचा अधिकार कुठल्याही डॉक्टरला नाही, पोक्सोच्या नियमांत ते स्पष्ट आहे. हिमोग्लोबिन, रक्तदाब, सोनोग्राफी त्याच दिवशी. या वयाच्या, फडात राबणाऱ्या मुलीचं रक्त बहुधा कमीच भरतं. तपासणी महिला डॉक्टरने, तिला भरवशाचं वाटणारं माणूस जवळ.

बालाघाट

आणि मग काय होतं ते माहीत आहे ना? एका घरात गुन्हा दाखल झाला की शेजारच्या चार घरांतल्या पोरी सरकारी दवाखान्याची पायरी चढत नाहीत. आठव्या महिन्यापर्यंत नोंद नाही, बाळंतपण घरात.

पाटोद्याची

होतं तसं. म्हणून कळवायचं नाही, असं मात्र नाही. तो निर्णय कायद्याने आपल्याकडे ठेवलेलाच नाही, आणि नवऱ्याचं वय तीस असेल तर तुमचं मत काय असेल? आपल्या हातात जे आहे ते नीट करा. जबाब तिच्या घरी किंवा ती म्हणेल तिथे, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने, गणवेशाशिवाय. पोलिसांनी २४ तासांत समितीला कळवायचं असतं, कळवलंय का ते विचारा. समितीकडून सपोर्ट पर्सन मागून घ्या, लेखी. कोर्टाच्या तारखा, जबाब, दवाखाना सगळीकडे तो माणूस सोबत असायला हवा. अन्न, कपडे, प्रवासासाठी समिती तातडीच्या मदतीची शिफारस करू शकते, आणि ती आठवड्यात मिळायला हवी. हा अर्ज जवळपास कोणी करतच नाही. पीडितांना मदत देणाऱ्या मनोधैर्य योजनेसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे वेगळा अर्ज, गुन्ह्याची प्रत आणि वैद्यकीय कागद जोडून.

आशाताईचं नाव खबर देणारी म्हणून कुठेही येऊ देऊ नका. दवाखान्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्याने कळवायचं.

कयाधू

पैशाचा विषय निघालाच आहे तर: बाप गेलेला, आई एकटी, अशा घरात लग्न थांबवल्यावर बालसंगोपन योजना लगेच सुरू करा. महिन्याला २२५० रुपये. मराठवाड्यात शेतकरी आत्महत्येची घरं यात भरपूर बसतात. लागतं काय, तर मृत्यूदाखला, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, शाळेचा बोनाफाईड, बँक पासबुक, पालक आणि मूल घरासमोर उभे असलेला फोटो, आणि समितीचा आदेश. अर्ज परत येतो तो बहुतेक नावाच्या फरकाने. आधारवर एक आडनाव, मृत्यूदाखल्यावर दुसरं. कागद गोळा करताना आधी सगळ्यांवरची नावं एका ओळीत लिहून ताडून बघा.

गोदाकाठ

बातमीचं राहिलं. गावोगाव पोर्टलवाले आहेत, मांडवात तुमच्याआधी पोचतात. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ प्रमाणे मुलीची ओळख उघड करणं गुन्हा आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड. चेहरा धूसर केला म्हणजे झालं असं नाही. गाव, इयत्ता आणि बापाचा व्यवसाय दिला की पंचक्रोशीत मुलगी ओळखली जाते. आपल्याच संस्थेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, अहवालात, फेसबुक पानावर हमीपत्र हातात धरलेल्या कुटुंबाचा फोटो टाकायची जी सवय आहे तीही यातच येते. वरिष्ठ ‘फंडरला फोटो पाहिजे’ म्हणतील. रिकाम्या मांडवाचा पाठवा.

माजलगावकर

शेवटचं एक. लग्न थांबवल्यानंतर गृहभेटी किती आणि किती दिवसांनी?

पाटोद्याची

पहिल्या पंधरवड्यात दोन, न कळवता. मग महिन्याला एक, अठरा पूर्ण होईपर्यंत. टोळ्या निघायच्या आधीचा आठवडा, तुळशीच्या लग्नानंतरचा, शाळेला उन्हाळी सुटी लागते तो आणि अक्षय तृतीयेच्या आधीचा, या चार आठवड्यांत एक भेट जास्तीची. घरी गेलात आणि ‘मामाकडे गेलीय’ असं कानावर आलं तर चहा न घेता मामाचं गाव आणि फोन नंबर विचारा, तिथूनच तिच्याशी बोला, आवाज तिचाच आहे का बघा. शाळेत मैत्रीण कोण हे पहिल्या दिवशी विचारलेलं असतं ना, ते इथे उपयोगाला येतं.

कयाधू

आणि बोलणं झालं की तारीख, वेळ, नंबर केसच्या फाईलमध्ये त्याच दिवशी चढवा. कंत्राटी माणसं बदलत राहतात, तुमच्या जागी येणाऱ्याकडे फक्त ती फाईलच असणार.